वरवंट्याची माय

मी भित्री. लहानपणापासूनची. पाल दिसली तरी खाटेवर चढणारी, आभाळ गडगडलं की आईच्या पदरात शिरणारी. लग्न झालं, दोन पोरी झाल्या, तरी माझी भीती काही गेली नाही, फक्त भ्यायच्या गोष्टी बदलल्या. पण आयुष्यात सगळ्यांत जास्त मी ज्याला भ्याले ती पाल नव्हे की वीज नव्हे. ती होती मोजायची फीत. पांढऱ्या कापडाची, गोल डबीत गुंडाळलेली, काळे आकडे असलेली. आग लागो त्या फितीला! आजही कोणी शिंपी माप घ्यायला फीत सोडतो तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहते.

आमची गल्ली नागपूरच्या महाल भागातली. दोन सायकल-रिक्षे समोरासमोर आले की एकाला मागं सरकावं लागे, आणि कोणी सरकायचं यावरून भांडण होई. सत्तरच्या सुमाराची वर्षं ती. त्या गल्लीचा मोठा रस्ता करायचा असं कमेटीनं ठरवलं. महानगरपालिकेला आमच्याकडे सगळे कमेटीच म्हणत. एके दिवशी रिक्षाला भोंगा बांधून एक माणूस आला आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून कागद वाचू लागला. "सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की रस्ता रुंद करण्याचे व डांबरीकरणाचे काम पावसाळ्यानंतर सुरू होईल. नळ काही दिवस बंद राहतील. नालीवर फळी टाकून ये-जा करावी. धुळीचा त्रास होईल. ओटे, पायऱ्या, टपऱ्या ज्याच्या त्याने काढून घ्याव्या. सहकार्य करावे."

नळाचं सांगितलं, फळीचं सांगितलं, धुळीचंही सांगितलं. रस्ता होताना माणसाच्या अंगावर आणखी काय काय येतं, ते काही त्या भोंग्यानं सांगितलं नाही. ते मी सांगते.

आमच्या घराला तीन खोल्या, एकामागं एक. समोरच्या खोलीत पिठाची चक्की. सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेली, वर दाणे ओतायचं पत्र्याचं नरसाळं, बाजूला मोटार आणि मोटारीवरून चक्कीवर गेलेला रुंद पट्टा. सकाळी पट्टा चढला की घरभर जमीन थरथरायची. लोकांना त्याचा त्रास व्हायचा. मला मात्र ती थरथर थांबली की भीती वाटायची. कारण आमचे हे लहानपणी तापानं आजारी पडले तेव्हापासून एका पायानं अधू. कापडगिरणीत उभं राहून पाळी करणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. स्टुलावर बसून चक्की चालवणं होई. चक्की होती म्हणून चूल पेटत होती. समोरची खोली गेली तर चक्की हलवायला दुसरी जागा नव्हती. मधल्या खोलीत आम्ही चौघं झोपत होतो आणि मागची स्वयंपाकाची.

समोर, गल्लीच्या पलीकडे, भडभुंजी मावशीचं घर. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकटी बाई. तिच्याही समोरच्या खोलीतच भट्टी. मोठी काळी कढई, त्यात तापलेली वाळू, आणि मावशी झाऱ्यानं चणे खालीवर करत बसलेली. फुटाणे, मुरमुरे, नागपंचमीला लाह्या. तिचे चणे आमच्या चक्कीवर दळायला यायचे, बेसनासाठी. माझी सख्खी मावशी नव्हती, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत नळावरून पाणी आणून भरलं ते तिनंच. तोंडानं मात्र फटकळ. "तू त गा सशाच्या जातीची," असं पुरुषाला बोलावं तसं मला म्हणायची आणि हसायची.

पाऊस लागायच्या तोंडावर ओव्हरसियर आला. उंच, चष्मा घातलेला, बोलायला सभ्य माणूस. त्याच्यासोबत दोघं जण फीत धरायला आणि एक गेरूचा डबा घेऊन. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माप घेतलं. आमच्या घरापाशी आले तर फीत उंबरठ्यावर थांबेना. सरळ आत आली. चक्कीच्या चौथऱ्यापर्यंत आली. आणि त्या माणसानं तिथं, पिठानं पांढऱ्या झालेल्या जमिनीवर, गेरूची लाल रेघ ओढली.

"बाई, एवढे चार फूट जातील," ओव्हरसियर म्हणाला.

"चार फुटांत त चक्की बसते जी आमची!"

"रेघ सरळ जाते. तुमच्या बाजूची सगळीच घरं थोडी थोडी रस्त्यात येतात. समोरच्या बाजूला नुसत्या पायऱ्या जातात."

"थोडं तिकडं नाही का सरकत?"

तो हसला. वाईट नाही, दमल्यासारखा हसला. "प्रत्येक घरी हेच विचारतात बाई."

मी त्या रेघेकडे पाहत राहिले. हे स्टुलावर बसले होते ते उठलेच नाहीत. "पावसाळ्यानंतर होईन," एवढंच म्हणाले. "पावसाळ्यानंतरचं पावसाळ्यानंतर पाहू." त्यांचा स्वभावच तसा. आणि माझा असा की चार महिन्यांनी कोसळायची भिंत मला त्याच दिवशी अंगावर दिसू लागली.

संध्याकाळी मावशी आली. मी भाकरी थापत रडत होते.

"काहून रडून राहिली वं? सब्बल-कुदळ लागली काय घराले?"

"लागनच ना आता."

"लागन तवा रडजो. आताच सगळं पाणी काढलं त तवा काय काढशील?"

मी पुसून पुसून ती रेघ काढायचा प्रयत्न केला. ओल्या फडक्यानं पुसली, शेणानं सारवली. वरून दिसेनाशी झाली, पण मला ती कुठं आहे ते माहीत होतं. दळण घेताना मी पाय उचलून तिच्यावरून जायची, तिच्यावर पाय पडू नये म्हणून. पोरींनाही तसंच जायला सांगायची.

त्याच दिवसांत पलीकडच्या गल्लीत काम निघालं होतं, ते पाऊस जोरात यायच्या आत उरकायची त्यांची घाई होती. दिवसभर घनाचे आवाज यायचे. एक घाव, मग माती पडल्याचा आवाज, मग बायांचा कालवा. मी पाहायला जायची नाही म्हणायची आणि दुपारी जाऊन उभी राहायची. लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी पाडायला घेतली होती. कमेटीच्या लोकांनी पाडलं तर विटांचा चुरा होतो, छपराचे कवेलू फुटतात, त्याखालची सागाची पाटी मोडते. आपण पाडलं तर वस्तू तरी वाचते. एक म्हातारा आपल्याच घराच्या छपरावर बसून एकेक कवेलू खाली बायकोच्या हातात देत होता, आणि ती ते अंगणात रचत होती. घरी आले तेव्हा मला ताप भरला.

पण तिथंच मी ती गोष्ट पाहिली. त्या गल्लीच्या मधोमध, एका घराच्या कोपऱ्याशी, कडूनिंबाखाली मातामाय होती. आमच्या भागात मोहल्ल्यामोहल्ल्यांत असते तशी, शेंदूर फासलेले दोन दगड, काही हिरव्या बांगड्या, एक लिंबू. तिच्यापाशी आले आणि काम करणारे थांबले. त्यांचा मुकादम होता भंडाऱ्याकडचा, त्यानं चप्पल काढली, हात जोडले आणि कुदळी बाजूला ठेवायला लावल्या. "हिले हात लावला त घरात माता येते," म्हणाला. देवीच्या रोगानं गावंच्या गावं उजाड झालेली पाहिलेली माणसं ती. ओव्हरसियरनं खूप समजावलं. एकही माणूस पुढे झाला नाही. शेवटी फीत पुन्हा उघडली आणि रस्ता त्या दगडांना वळसा घालून गेला. मातामायमागचं ते घर जसंच्या तसं उभं राहिलं.

कल्पना माझी. ह्यांची नाही, कोणाचीच नाही, माझी. पुढं जे झालं त्यात मला वाटेकरी नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबत निघते. पिवळी आणि काळी, दोन अवाढव्य बाहुल्या, आणि मागं अख्खं शहर. सगळी रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत जातात. सकाळी घरोघरी दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या बाहेर टाकतात, आणि मग गल्लीत चिटपाखरू राहत नाही. हे पोरींना घेऊन रिक्षानं गेले. मी म्हणाले डोकं दुखते.

सगळे गेल्यावर मी आमच्या ओट्याच्या कोपऱ्यातल्या कडूनिंबाखाली, खुरप्यानं वीतभर खड्डा खणला. स्वयंपाकघरातला वरवंटा आणला. काळा, जड, वर थोडा निमुळता. माझ्या सासूबाईंच्या हातचा. आणताना पायावर पडता पडता राहिला. तो उभा रोवला, भोवती माती दाबली. तेलात शेंदूर कालवला. नवा शेंदूर फार लाल दिसतो म्हणून त्यात चुलीची काजळी मिसळली आणि थरावर थर दिले. फुटक्या बांगड्या टाकल्या. लोकांनी फेकलेल्या पळसाच्या फांद्या भोवती ओढून ठेवल्या. सगळं झाल्यावर मी हात जोडले. कोणापुढं जोडले कोण जाणे. "माय, माफ कर, पण माह्यी चक्की वाचव," एवढं बोलले आणि घरात जाऊन दार लावून बसले.

दुसऱ्या दिवशी कोणी विचारेल काय उत्तर द्यायचं, याची मी रात्रभर तालीम केली होती. कोणी विचारलंच नाही! देवाबद्दल कोण विचारतं? आठ दिवसांनी कोणीतरी तिथं जास्वंदीचं फूल ठेवलं. मग उदबत्ती आली. दसऱ्याला शेजारच्या घरातल्या निवृत्त पोस्टमनकाकांनी नारळ फोडला आणि मला म्हणाले, "हे त मी हाफपँट घालत होतो तवापासून पाहून राहिलो. मधी पाल्यात झाकली होती." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं. आणखी एक आजी म्हणाल्या, हिला पहिला शेंदूर त्यांच्या सासऱ्यांनी लावला.

हसू यायला हवं होतं. मला घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कोणी झाडाखाली दोन मिनिटं जास्त थांबलं तरी मला वाटायचं, ओळखलं. घरात निराळंच संकट.

"अवं, वरवंटा कुठं हाये?" ह्यांनी एक दिवस विचारलं.

"फुटला."

"दगडाचा वरवंटा फुटला?"

"दगडच होता ना. फुटला."

दुपारी ते झाडाखाली जाऊन, काठी टेकून, बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. "तू हे बरं नाही केलं," म्हणाले. पण उपटून टाक असं त्यांनीही म्हटलं नाही.

ऑक्टोबरात धाकटीच्या अंगावर पुरळ उठली. लाल लाल, छातीवर, पाठीवर. डॉक्टर म्हणाले गोवर आहे, घाबरू नका. मी कुठली ऐकते! मीच काजळी कालवलेला, मीच रोवलेला तो दगड, त्याच्यापुढं मी दहीभाताचा नैवेद्य घेऊन गेले. ओल्या लुगड्यानं पाच प्रदक्षिणा घातल्या. नाक घासलं. पोरगी आठवड्यात बरी झाली, पण माझी भीती त्यानंतर दुप्पट झाली. आधी मी कमेटीला भीत होते, आता दगडालाही.

आणि या सगळ्यांत तिथं रोज न चुकता येणारी होती भडभुंजी मावशी. भट्टी पेटवली की पहिल्या घाण्यातले मूठभर फुटाणे ती त्या दगडापुढं ठेवायची. मी विचारलं, "मावशी, तुह्यी त पायरीच जाणार हाये. तू कायले येवढं करतं?" ती म्हणाली, "मी माह्यासाठी नाही मागत वं. तुह्यी चक्की राहू दे म्हणतो मायले. तू गेली त माह्ये चणे कोण दळन?" आणि पाठीवर एक धपाटा घालून गेली.

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. गिट्टीचे ढीग पडले, डांबराची पिंपं आली, नाली खणली. भोंग्यातली फळी आली, धूळही आली. पिठात धूळ बसू नये म्हणून आम्ही दाराला गोणपाटाचे पडदे लावले. गल्लीच्या टोकापासून आमच्या बाजूची घरं फुटत येऊ लागली. सात घरं राहिली, मग पाच, मग तीन. पोस्टमनकाकांची पडवी पाडली त्या दिवशी आमच्या भिंतीवरचा आरसा खाली पडला. हे लकडगंजात पट्टा आणायला गेले होते, जुना पट्टा तुटला होता. घरी मी एकटी, आणि बाहेर मुकादमाचा आवाज आला, "साहेब, इथं माय हाये जी."

मी गोणपाट बाजूला करून ओट्यावर आले. गल्ली जमली होती. मुकादमानं चप्पल काढली होती. ओव्हरसियर हातातला नकाशा उघडून उभा होता.

"माझ्या कागदावर इथं काही नाही," तो म्हणाला. "पावसाळ्याआधी मी स्वतः मोजलं. तेव्हा हा दगड नव्हता."

पोस्टमनकाका पुढं झाले. आजी पुढं झाल्या. सगळ्यांनी एकच गलका केला. त्यानं हात वर केला.

"तुम्ही सगळे या बाजूचे. तुमची घरं गेली आहेत, तुम्ही म्हणणारच. मला पलीकडचं कोणी सांगा. ज्याचं काही जात नाही असं." आणि तो वळला. मावशी तिच्या दारात उभी होती, हातात झारा. "मावशी, तुम्ही किती वर्षं राहता इथं?"

"लग्न होऊन आली तवापासून. चाळीस वर्सं झाली असतीन."

"हा दगड तेव्हा होता?"

ती फळीवरून नाली ओलांडून आली. झाडापाशी वाकली. वरवंट्यावर तळहात ठेवला.

"होता जी. माह्या लग्नाच्या आधीपासून हाये. पाल्यात झाकली होती, तुम्हाले दिसली नसन."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला रडावंसं वाटलं ते आनंदानं. ओव्हरसियरनं पेन्सिलनं कागदावर काहीतरी केलं. फीत धरणाऱ्यांना हाक मारली. त्यांनी आमच्या झाडापासून माप सुरू केलं आणि फीत पलीकडे गेली. मावशीच्या पायऱ्या ओलांडून, उंबरठा ओलांडून, आत, भट्टीपर्यंत.

"मग चार फूट या बाजूनं घ्यावे लागतील," तो म्हणाला. "रस्त्याची रुंदी कमी करता येत नाही मला."

मला इतका सोपा हिशोब सहा महिन्यांत कधी सुचला नव्हता, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण नव्हता सुचला. मी फक्त माझ्या बाजूची रेघ पाहिली होती. चार फूट इथले वाचले तर ते कुठून तरी येणार, हे त्या पलीकडच्या गल्लीतही मी पाहिलं नव्हतं. वाचलेलं घर पाहिलं आणि परत आले होते.

ओव्हरसियर खरंच सभ्य माणूस होता. त्यानं मावशीला विचारलं, "मावशी, पुन्हा एकदा विचारतो. नीट आठवून सांगा. आणि बाकी कोणाला काही सांगायचं आहे का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट पाहिल्यासारखं. मी ओट्यावर उभी होते, तिच्यापासून चार हातांवर. मला नुसतं म्हणायचं होतं, साहेब, तो माझा वरवंटा आहे. पाच शब्द. मला ह्यांचा पाय दिसला, पोरी दिसल्या, बंद पडलेली चक्की दिसली, अख्खी गल्ली माझ्यावर थुंकताना दिसली. आणि हेही खरं की मला दगडाची भीती वाटली, त्याच्यासमोर त्याला वरवंटा म्हणायची. मी खाली पाहिलं. माझ्या पायाच्या बोटांवर पीठ होतं.

"सांगितलं ते सांगितलं," मावशी म्हणाली आणि फळीवरून परत गेली.

तिची समोरची खोली दोन दिवसांनी पाडली. तिनं स्वतः काही काढून घेतलं नाही, वाचवायला कवेलूही काढले नाहीत. भट्टीवर घन पडला तेव्हा आतली वाळू रस्त्यावर आली आणि पोट्ट्यांनी तिच्यात पाय घालून पाहिले. गल्ली हळहळली. पण हळहळताना हेही म्हणाली की मायची मर्जी. माप झालं त्याच संध्याकाळी हे लकडगंजहून आले, तेव्हाच मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते ऐकून मागच्या खोलीत गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवा पट्टा चढवला.

रस्ता झाला. चांगला झाला. रोलर फिरला, डांबर पडलं, मोटारी येऊ लागल्या. आमच्या घरापाशी तो थोडा वळसा घेतो.

भट्टीला मागच्या खोलीत जागा नव्हती. मावशीनं महिनाभर बाहेर टोपली घेऊन बसून पाहिलं, पण दुसऱ्याचे विकत घेतलेले फुटाणे कोण घेतो तिच्याकडून? मग कळलं की ती रामटेकला भाच्याकडे जाते आहे. धानाच्या हंगामात त्यांना हात लागतात म्हणे. साठीची बाई. मी तिच्याकडे गेले नाही. रोज ठरवायची आणि रोज काही ना काही काम निघायचं.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी तीच आली. हातात चण्याचा डबा. रांगेत उभी राहिली, बाकीच्या बायांसारखी. हे चहा प्यायला आत गेले होते, चक्कीवर मी होते. तिचा नंबर आला. मी डबा घेतला, नरसाळ्यात ओतला. तिच्याकडे पाहिलं नाही.

"मोटार बंद कर वं जरा," ती म्हणाली.

मी बंद केली. पट्टा थांबला.

"तुह्या सासूच्या हातचा वरवंटा मी ओळखणार नाही काय? ठेवला त्याच दिवशी ओळखला."

मी नरसाळ्यातले चणे हातानं सारखे करत राहिले.

"मी खोटं बोलली ते तुह्यासाठी बोलली. देवाच्या नावानं बोलली, हात ठेवून बोलली. तुले फकस्त खरं बोलाचं होतं. मी पाह्यलं तुह्याकडं. तू बोलशील असं वाटलं मले." ती थांबली. मागं चार बाया डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांना काही कळत नव्हतं. "येवढंच सांगाचं होतं. आता दळ."

मी मोटार चालू केली. तिचे चणे दळले, बारीक दळले. बेसन डब्यात भरून दिलं. तिनं झाकण लावलं आणि डबा कमरेवर घेऊन नव्या रस्त्यावरून गेली. मी पुढच्या बाईचा डबा उचलला, कारण आमची चक्की चालू होती.